रजनीबालेचा डावा गाल

फाटकाच्या कमानीत कोरलंय:
आयज म्हाका, फाल्यां तुका.
चष्मा पुसून दोनदा वाचलं
आणि आत गेलो, पाद्रींनी साडेनऊची वेळ दिली होती.

तीन वर्षं भरली. आसोळण्यात नियमच तसा:
भाड्याचा फोंड, मुदत झाली की रिकामा करायचा,
पुढचं कुणीतरी थांबलेलं असतं.
स्विंडनच्या भाच्याला तीन पत्रं गेली.
त्याचा फोन लागत नाही.
तिच्या डायरीत दुसरं नाव माझं निघालं:
सगुण मेकअप, बांदिवडे.

कारकुनानं विचारलं, तुम्ही तिचे कोण?
वहीत रकाना होता.
मी म्हटलं, चेहरा.
त्याला शेजारी ऐकू आलं. तेच लिहिलं त्यानं.

हर्मिना फुर्तादो, क्रुसावर तेवढंच.
रजनीबाला कुठेच नाही.
रजनीबाला किती वेळा मेली त्याला हिशेब नाही:
जिन्यावरून पडून, दुधातल्या विषानं,
दोनदा नायकाच्या गोळीनं,
एकदा कर्जतजवळ खोट्या दरीत, खऱ्या मुंग्यांवर.
मरणाच्या दिवशी ती पोटभर जेवायची.
म्हणायची, सगुण, ओठ फार निळे करू नकोस,
आई मडगावला जाऊन बघते,
मग रात्रभर झोपत नाही.

पुढे मालिका. तिथं ती आजी.
पाचशेव्या भागात आजीला मारलं
आणि भिंतीवर फोटो लावला, चंदनाचा हार घालून.
चार वर्षं तो फोटो रोज रात्री आठला कामावर होता.
फोटोचे पैसे मिळत नाहीत.
ती इथं, स्वतःच्या घरात, एकटी बसून बघायची,
पडद्यावरची सून फोटोला गाऱ्हाणी सांगायची
ती ऐकायची,
कधीकधी उत्तरही द्यायची.

इनासनं कुदळ जपून चालवली.
वर लाल माती, खाली काळपट,
मग लाकडाचा चुरा, तेर्साचे मणी,
नायलॉनचा एक मोजा, जसाच्या तसा.
मग त्यानं तिला वर दिलं, दोन्ही हातांनी,
ओटीचा नारळ देतात तसं.

मी ओळखलं.
तीस वर्षं हे हाड मी लपवत आलो होतो.
डावं गालफड उजव्यापेक्षा सूतभर उंच.
कॅमेरा जवळ यायचा असला की
तिथं तपकिरी सावली घालायचो,
अंगठ्यानं, कानाकडे ओढत.
दिग्दर्शकांना कधी कळलं नाही.
नवऱ्याला कळलं नसावं, तो बोटीवर असायचा.
आज पहिल्यांदा बिनरंगाची समोर आली
आणि बरी दिसत होती.
हे लिहिताना लाज वाटते.

भिंतीतला कोनाडा पदेराच्या पाटीएवढा.
इनास रचत होता, लांब हाडं खाली, बारीक वर,
शेवटी ती.
मी म्हटलं, जरा वळव. डावी बाजू आत जाऊ दे.
बाब, भितर काळोख आसा, तो म्हणाला,
हांगा कोण पळयता?
तरी वळवलं त्यानं.
मग मीच म्हटलं, नको.
होती तशी ठेव.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुटपुटला काहीतरी,
पुन्हा फिरवलं, आणि सिमेंटचं घमेलं ओढलं.

फरशीवर कोरायचे अक्षरामागे चाळीस रुपये.
बसचं भाडं बाजूला काढून मोजले.
र, ज, नी, बा, ला.
कारकून म्हणाला, ही कोण?
मी म्हटलं, तिचीच शेजारीण.

बसला अवकाश होता.
तिठ्यावरच्या दुकानात टीव्ही चालू, आवाज बंद,
दुपारी जुने भाग लावतात.
सून हात जोडून काही सांगत होती,
भिंतीवर ती, हारात.
सोडा घेतला. ग्लासाला लाल बोटं उमटली.
फोटोच्या दिवशी मेकअप माझाच होता.
डाव्या गालावर सावली
जरा जास्तच झाली होती.